अँड्र्यूची भूमिका

अमेरिकी शाळांत वसाहतकाळ शिकवताना बॉस्टन हत्याकांडाचे अभिरूप न्यायालय भरवतात. ५ मार्च १७७० रोजी ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात ५ नागरिक मृत्युमुखी पडले होते. जॉन अ‍ॅडम्सची भूमिका सर्वांना हवीशी. वसाहतीतलाच वकील, तरीही सैनिकांचा बचाव करणारा!

अवघड भूमिका अँड्र्यूची. तो ऑलिव्हर वेंडेलचा गुलाम. एका धिप्पाड माणसाने सैनिकांवर झडप घातली आणि तो बहुधा मृतांपैकी मिश्रवंशीय क्रिस्पस अ‍ॅटक्सच, ही त्याची साक्ष बचावाला मोलाची ठरली. मात्र त्याच्या सचोटीची ग्वाही द्यायला खुद्द मालक उभा राहिला.

आठांपैकी सहा सैनिक निर्दोष सुटले. दोघांच्या अंगठ्यांवर डाग दिले गेले. वर्गातील ज्यूरी हाच निकाल देईल असे नाही. निकाल काहीही लागो, अँड्र्यू मालकाच्याच घरी परततो.