तळपायांचा उपचार : एक अनुभव

आम्ही दोघी जावा. दोघींचे शालेय शिक्षण मुंबईस मराठीतून झाले. नर्सिंग मात्र इकडे विलायतेत शिकलो, आणि नोकरीची सारी वर्षे रुग्णालयांतच गेली. आता निवृत्त होऊन वॉटफर्डला एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर राहतो.

आमच्यातील धाकटीस मधुमेह आहे व पायांच्या बोटांना थोडी बधिरता आहे. दीर गेल्यापासून तिच्या डोळ्यास डोळा लागेना. झोपेच्या गोळ्यांची सवय लागू नये म्हणून ती घेत नव्हती. शेजारच्या बाईंनी रिफ्लेक्सॉलॉजी सुचवली. नर्सचे मन अशा गोष्टींवर चटकन बसत नाही; पण न पाहताच नाव ठेवणे हेही बरे नव्हे, असे ठरवून आम्ही दोघी गेलो.

या उपचाराचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेरल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले व १९१७ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे युनिस इंगहॅम या बाईंनी तळपायावर साऱ्या अवयवांचा नकाशा बसविला. त्यांच्याकडे शिकून डोरीन बेली यांनी १९६६ साली ही विद्या ब्रिटनमध्ये आणली.

उपचार करणाऱ्या बाईंनी प्रथम आमचीच उलटतपासणी घेतली. साखर किती? रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का? पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? मग दोघींच्या बोटांच्या बेचक्या नीट पाहिल्या. तेथेच आमचा अर्धा विश्वास बसला. पाऊण तास अंगठ्याने हलका दाब देणे चालले होते. मोठीस संकोच वाटत होता, कारण परक्या माणसाने आपल्या पायांस हात लावावा हे आपल्या अंगवळणी नाही. धाकटी मात्र खुर्चीतच घोरू लागली! त्या रात्री ती पहाटेपर्यंत झोपली.

वाचक भगिनींनो, आपण शनिवार तेल्यांची लेकरे. तेलाचे गुण आपणांस कोणी शिकवावेत? कोकणात आमच्या आजीबाई काशाच्या वाटीने तळपाय घाशीत. तूप काळे पडले की ‘उष्णता निघाली’ म्हणत. तो काळेपणा शरीरातल्या उष्णतेचा नव्हे, वाटीच्या धातूचा. पण येणारी झोप खरीच असे. रिफ्लेक्सॉलॉजीचेही आम्हांस तसेच वाटते. टाचेवरच्या अमुक बिंदूचा तमुक अवयवाशी संबंध आहे, याला शरीरशास्त्रात आधार नाही. एक्झेटरचे प्राध्यापक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली या उपचाराच्या चाचण्यांचा आढावा घेतला. तेव्हा कोणताही रोग त्याने बरा होतो असा खात्रीलायक पुरावा त्यांना आढळला नाही. परंतु थकल्या जिवास कोणी पाऊण तास शांतपणे हात लावला, तर त्यास स्वस्थता वाटते. ती आम्ही अनुभवली.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. जरूर करून पाहा, पण रोग बरा करण्यासाठी नव्हे, विश्रांतीसाठी. साखर उतरेल, गोळ्या सोडा, असे कोणी म्हटले तर तेथून उठावे. या देशात हा व्यवसाय करण्यास सरकारी परवाना सक्तीचा नाही. २००८ साली स्थापन झालेल्या कॉम्प्लिमेंटरी अँड नॅचरल हेल्थकेअर कौन्सिलची नोंदणीही ऐच्छिक आहे. तेव्हा शिक्षण कोठे झाले, हे विचारण्यास लाजू नये. पायावर जखम असेल वा पोटरी एकाएकी सुजली असेल, तर आधी डॉक्टर. मधुमेह असणाऱ्यांनी पायांची वार्षिक तपासणी चुकवू नये.

आम्ही पुन्हा दोनदा गेलो. आता दर गुरुवारी रात्री घरीच एकमेकींच्या पायांना खोबरेल लावतो. बेचक्यांत मात्र ओल राहू देत नाही. मोठ्या जावेने धाकटीच्या पायांस हात लावणे प्रथम दोघींनाही जड गेले. आता तेल लावता लावता दिरांच्या गोष्टी निघतात. इतके महिने त्या निघत नव्हत्या.