घड न पाहिलेला हंगाम

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षाचा घड तान्ह्या लेकरासारखा जपतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी. माल उतरवताना घड देठाला धरायचा, मण्यावरची पांढरी झाक पुसली तर एक्स्पोर्टवाला तोंड वाकडं करतो. मणी १६-१८ मिलिमीटरचा हवा, आणि तडकलेला एकही नको. अवकाळी पावसात मणी तडकले की घरात कोणी धड जेवत नाही.

अशा घरातली मी, न्यूझीलंडमधल्या मार्लबरोला एका वाइनरीत हंगामी कामाला गेले. तिकडचा तोडा मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे घरचा माल उतरत आला की निघता येतं. पाळी संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत. सोबतीला चिलीची, फ्रान्सची, अर्जेंटिनाची पोरं, सगळी माझ्यासारखीच हंगामापुरती आलेली.

घरून अण्णांची फोनवर एकच मागणी: “घडाचा फोटो पाठव, साइज बघू दे.” पाठवणार काय? घड वाइनरीत येतच नव्हता. तिकडे यंत्र ओळीच्या दोन्ही बाजूंनी वेल हलवतं. मणी खाली गळतात, देठांचे सांगाडे वेलीवरच राहतात. रात्रीच्या गारव्यात ट्रक येऊन हौदात ओतायचा तो मणी, रस आणि पाल्याचा हिरवट लगदा. सोव्हिन्यों ब्लाँचा मणी मुळात बारीक, त्यात बिया. आमच्या बाजारात त्याला कोणी विचारलं नसतं.

माझं निम्मं काम धुण्याचंच. होज धुवा, पंप धुवा, प्रेसमधला चोथा काढून प्रेस धुवा. वाइनरीत काम करते म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे ग्लास येतो, माझ्या हाताला मात्र रबरी बुटांचा आणि जंतुनाशकाचा वास. प्रेसमधला रस थंड टाकीत निवळायला ठेवायचा, मग त्यात यीस्ट.

यीस्टचं काम मला आवडायचं. चाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात ते भिजवलं की थोड्या वेळात फेस वर येतो. पण रस बारा-तेरा अंशांवर. एकदम ओतलं तर यीस्ट गारठून मरेल, म्हणून बादलीत थोडा थोडा गार रस घालत, थर्मामीटर बघत त्याला सवय लावायची. घाई चालत नाही. एकदा आंबणं सुरू झालं की टाकीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि जड असल्यामुळे खाली साचतो. कॉलरला लावलेलं यंत्र किंचाळलं की सगळ्यांनी बाहेर. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आपल्याकडची जुनी पद्धत मला तेव्हा आठवायची.

एका रात्री प्रेसजवळ उभी असताना मी वाइनमेकरला विचारलं, एवढा माल चेंगरून आणता, वाईट वाटत नाही? ती हसली. मार्लबरोच्या वाइनला पॅशनफ्रूटचा तो वास येतो ना, म्हणाली, त्याला हे फुटणंच कारणीभूत असतं. मणी फुटून रस सालीशी भिडतो, तेव्हा त्या वासाचा कच्चा माल तयार होतो. हाताने तोडलेल्या अख्ख्या घडांच्या रसात तो कमी उतरतो, हे तिकडच्या संशोधकांनी मोजूनही दाखवलंय.

मी हे अण्णांना सांगितलं. त्यांना पटलं नाही.

“तडकलेल्या मण्याला पैसे देतात?”

“टनावर देतात. करार आधीच झालेला असतो.”

“शुगर किती?”

“एकवीस-बावीस.”

“आणि एकरी?”

हेक्टरी बारा ते पंधरा टन, म्हणजे एकरी पाच-सहा, मी हिशेब करून सांगितलं.

“आपण दहा काढतो,” अण्णा म्हणाले, आणि लगेच डावणीला तिकडे कोणतं औषध मारतात ते विचारू लागले.