मंचुरियन आणि दाजू

"आज जरा वेगळं काहीतरी खाऊ या" असं घरात कुणी म्हटलं, की तुमच्यापैकी निम्मे तरी "चायनीज!" म्हणून ओरडत असतील. आम्हीही ओरडायचो. पण ते पहिल्यांदा खाल्लं त्या दिवसाची आठवण झाली, की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

१९९५ सालची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहायचो. मी सातवीत, नितीन पाचवीत. स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत चायनीजचं एक छोटं हॉटेल निघालं होतं. चार टेबलं, पाटीवर लाल ड्रॅगन आणि दारातच भडकलेली शेगडी. निकाल लागला त्या संध्याकाळी बाबा आम्हाला तिथे घेऊन गेले. आई आली नाही. "कशात काय घालतात, देव जाणे!" म्हणाली.

आल्या आल्या नितीननं आपले मार्क सगळ्या हॉटेलला ऐकवले. मग फ्राइड राइस आणि मंचुरियन आलं. आलं, लसूण, हिरवी मिरची, वर सोया सॉस. नाकातून पाणी आलं, पण चमचा थांबेना! नितीनची स्वारी रंगात आली. बाबांना न विचारताच तो ओरडला, "ए चिनी, और एक हाफ प्लेट ला!" मी फिस्सकन हसले. आचाऱ्यानं काही न बोलता प्लेट आणून ठेवली.

बिल झालं ५६ रुपये. बाबांच्या खिशात पन्नासाची एकच नोट! बाबांचा चेहरा एवढासा झाला. आचारीच मालक होता. तो म्हणाला, "रहने दो साहब, कल देना. बच्चे पास हुए हैं ना!"

रस्ताभर बाबा गप्प होते. जिन्यात मात्र थांबून म्हणाले, "सहा रुपये उद्या देता येतील. पण ते 'ए चिनी' कसं फेडणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. नितीननं मान खाली घालून सहा रुपये पुढे केले. "काका, सॉरी."

तो हसला. "काका नहीं, दाजू बोलो." नेपाळी भाषेत दाजू म्हणजे दादा. "और चीन तो मैंने देखा भी नहीं. मैं दार्जिलिंग का हूँ. घर में चाय पीते हो ना?"

घरी येऊन नकाशा उघडला. दार्जिलिंग पश्चिम बंगालमध्ये, म्हणजे आपल्याच देशात! भूगोलात मला ७२ मार्क होते. काय उपयोग?

मग दाजूशी आमची गट्टीच जमली. फ्राइड राइसला तो सकाळचा गार भात वापरायचा. गरम भात मऊ असतो, परतताना त्याचा गोळा होतो. गार भाताचे दाणे सुटे राहतात. भाज्या आधीच बारीक चिरून ठेवलेल्या, कारण मोठ्या आचेवर काम दोन-तीन मिनिटांत उरकायचं. सूप दाट व्हायचं ते कॉर्नफ्लोअरनं.

पुढे वाचलं, की चिनी लोक अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोलकात्यात येऊन राहिले आणि त्यांच्या स्वयंपाकात आपले मसाले शिरले. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, पण आपलं मंचुरियन तिथलं नाहीच! कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास ते मुंबईत पहिल्यांदा केलं, असं सांगतात.

म्हणजे बघा, ज्या पदार्थाला आम्ही परका समजलो तो आपल्या मुंबईचा, आणि ज्या माणसाला परका म्हणालो तो आपल्याच देशाचा.

आता रात्रीचा भात उरला, की आईच म्हणते, "टाकू नकोस गं, सकाळी दाजूचा भात करू."