उपदेशाला आवर

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच उपदेश आहे, आणि त्यालाच आवर घालायला या व्यवसायाला सिद्धान्त लागतो. बारावीत कमी मार्क पडलेली मुलगी म्हणते, "आता सगळं संपलं." घरातलं वडीलधारं माणूस चटकन म्हणेल, "अगं, असं काही नसतं." म्हणणं मायेचं असतं, पण बोलणं तिथेच मिटतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धत शिकलेला समुपदेशक 'सगळं' या शब्दापाशी थांबतो. कमी मार्क ही घटना, खचून जाणं हा परिणाम. मधे 'मला चांगले मार्क मिळायलाच हवेत, नाहीतर मी कवडीमोल' असा हट्टी समज दडलेला असू शकतो. तो तिचा तिला सापडावा म्हणून समुपदेशक प्रश्न विचारत राहतो.

जिव्हाळा असला की पुरे, सिद्धान्त कशाला, असं अनेकांना वाटतं. हा आक्षेप पोकळ नाही. निरनिराळ्या उपचारपद्धतींना सारखंच यश मिळतं, तेव्हा गुण त्यांच्यातल्या समान घटकांचा असावा, असं सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच सुचवलं होतं. पण जिव्हाळ्याचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते कार्ल रॉजर्स यांनीही नुसत्या जिव्हाळ्यावर भागवलं नाही. त्यांनी सत्रं ध्वनिमुद्रित केली आणि १९४२च्या पुस्तकात एका माणसाबरोबरची सगळी सत्रं शब्दशः छापली. आपलं कुठलं वाक्य समोरच्याला मोकळं करतं आणि कुठलं गप्प करतं, हे त्यांना तपासायचं होतं. पुढे १९७९ मध्ये एडवर्ड बोर्डिन यांनी समुपदेशक आणि समोरचा माणूस यांच्यातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: आपुलकीचा बंध, ठरलेलं ध्येय आणि त्यासाठी दोघांनी करायचं काम. त्यातले दोन नुसत्या मायेने ठरत नाहीत.

सिद्धान्ताच्या साच्यात माणूस कोंबला जातो, ही भीती मला जास्त खरी वाटते. त्या मुलीला घरात मारहाण होत असेल, किंवा तिची झोप उडून मरणाचे विचार येत असतील, तर तिचे समज तपासत बसणं घातक आहे. आधी तिची सुरक्षितता पाहायची आणि गरजेप्रमाणे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं. म्हणूनच प्रक्रिया हवी: सुरुवातीची नीट चौकशी, सत्रांच्या नोंदी, अनुभवी मार्गदर्शकापुढे आपल्या कामाची तपासणी. उघड मांडलेला सिद्धान्त चुकला तर पकडता येतो. 'आजकालची मुलं नाजूक' हाही सिद्धान्तच आहे, फक्त तो कुणी तपासत नाही.

समुपदेशकाकडे जाल तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता, आणि उपयोग होत नसेल तर ते आपल्याला कसं कळेल? हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.