वाफेची सिगारेट, बिघडलेली बॅटरी आणि आम्ही दोघे भाऊ

सिगारेट सोडायला मनाचा निग्रह लागतो, असे सगळेच सांगतात. ते खरेही आहे. पण सिगारेट सोडण्यासाठी ज्यांनी विजेवर चालणारी वाफेची सिगारेट हाती घेतली, त्यांना आणखी एक गोष्ट लागते आणि ती सहसा कोणी सांगत नाही. ती म्हणजे बॅटरीची समज. निग्रह कितीही पक्का असो, रात्री दोन वाजता तल्लफ आली आणि हातातले यंत्र नुसते दिवा मिचकावून गप्प बसले, की पाय आपोआप पेट्रोल पंपावरच्या दुकानाकडे वळू लागतात. आमच्या बाबतीत सारा प्रश्न तिथेच अडकला होता.

आम्ही दोघे भाऊ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहतो. आमच्यातला मोठा रात्रपाळीत टॅक्सी चालवतो, धाकटा मालाच्या गोदामात आहे. घर एकच, अम्मी, दोघांच्या बायका आणि चार मुले एकत्र. दोघांनाही रोजची वीस-वीस सिगारेटची सवय होती. अम्मीचे बोलणे, मुलांचा खोकला, पाकिटाची वाढत गेलेली किंमत, सगळे होऊनही ती सुटत नव्हती. शेवटी इथल्या सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी सुचवले की एकदम सुटत नसेल तर वाफेची सिगारेट वापरून टप्प्याटप्प्याने सोडा.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा लेख वाचून कोणी भारतात हे यंत्र शोधायला निघू नये. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे, सगळ्यावर बंदी आहे. विक्री किंवा आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ब्रिटनमध्ये ती अठरा वर्षांवरील माणसाला कायद्याने मिळते. इथले डॉक्टर धूम्रपान करणाऱ्याला तिचा सल्लाही देतात, कारण तिच्यात तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत नाही. पण तेच डॉक्टर हेही बजावतात की ती निरुपद्रवी नाही. निकोटीनची सवय तीही लावते, आणि ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने तिला हात लावू नये.

यंत्र तसे साधे. खाली बॅटरी, वर द्रवाची छोटी टाकी, टाकीत कापसात गुंडाळलेली तारेची कॉइल. बटण दाबले की बॅटरीतली वीज कॉइलमधून जाते, तार तापते, कापसाने शोषलेल्या द्रवाची वाफ होते. हा द्रव म्हणजे ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंध आणि निकोटीन. बॅटरी आपल्या मोबाइलमध्ये असते त्याच जातीची, लिथियम-आयनची. पूर्ण भरल्यावर तिचा दाब ४.२ व्होल्ट असतो, वापरता वापरता तो ३.७ च्या आसपास येतो, आणि फार खाली जाऊ लागला की आतला संरक्षक सर्किट पुरवठा तोडतो.

आम्ही दोघांनी एकाच प्रकारची दोन यंत्रे घेतली. पहिल्याच दिवशी धाकट्याचे यंत्र चालेना. कारण असे, की वाहतुकीत चुकून बटण दाबले जाऊन ते तापू नये म्हणून बहुतेक यंत्रे बंद करूनच डब्यात ठेवतात. बटण पटापट पाच वेळा दाबले की दिवा लुकलुकतो आणि यंत्र जागे होते. पुन्हा पाच वेळा दाबले की बंद. खिशात ठेवताना ते असे बंद करूनच ठेवायचे, हा नियम आम्ही तिथूनच घेतला.

दुसरी तक्रार आठवड्याभरात आली. बॅटरी चार्जरला लावली की चार्जरचा दिवा लाल व्हायला हवा आणि भरल्यावर हिरवा. मोठ्याची बॅटरी रिकामी असूनही दिवा हिरवाच राहिला. म्हणजे चार्जरला बॅटरी दिसतच नव्हती. बॅटरीच्या तोंडाशी आटे असतात, आणि त्यांच्या मधोमध एक बारीक टोक असते. आटे म्हणजे ऋण बाजू, मधले टोक म्हणजे धन बाजू. टाकीतून झिरपलेला द्रव तिथे साचून चिकट होतो, किंवा टाकी फार आवळून बसवली की मधले टोक दबून खाली जाते आणि चार्जरला टेकतच नाही. यंत्र बंद करायचे, सर्जिकल स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने आटे पुसायचे, पूर्ण वाळू द्यायचे, आणि लाकडी दातकोरणीने ते टोक अगदी हलकेच वर उचलायचे. सुई किंवा सेफ्टी पिन घ्यायची नाही, कारण धातू एकाच वेळी टोकाला आणि आट्याला लागला की शॉर्ट सर्किट झालेच. मोठ्याची बॅटरी या उपायाने लगेच भरू लागली.

तिसरी तक्रार जास्त फसवी. बटण दाबले की दिवा काही वेळा लुकलुके आणि वाफ येत नसे. हा इशारा बॅटरी संपल्याचा असू शकतो, कॉइल सैल असल्याचा असू शकतो, किंवा आत शॉर्ट असल्याचाही. कितीदा लुकलुकले म्हणजे काय, हे प्रत्येक यंत्रात वेगळे; ते सोबतच्या कागदावर लिहिलेले असते. दोन सारखी यंत्रे घेतल्याचा फायदा इथे झाला. मोठ्याच्या बॅटरीवर धाकट्याची टाकी चढवली आणि धाकट्याच्या बॅटरीवर मोठ्याची. दोष टाकीबरोबर गेला तर कॉइल बदला. दोष बॅटरीपाशीच राहिला तर बॅटरीत बिघाड. आमच्या वेळी दोष टाकीबरोबर गेला. नवी कॉइल बसवली, तिच्या कापसावर दोन-चार थेंब टाकले, टाकी भरून दहा मिनिटे थांबलो, आणि वाफ सुरळीत झाली. जळकट चव आली तरी बहुधा दोष बॅटरीचा नसून कोरड्या कापसाचा असतो.

कॉइल मनाला येईल ती बसवता येत नाही, यामागचे गणित शाळेत शिकलेले ओहमचे आहे. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. १.८ ओहमची कॉइल आणि ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे दोन अँपिअर. लहान पेनसारख्या यंत्राला हे झेपते. पण कोणी ०.२ ओहमची कॉइल थेट पूर्ण भरलेल्या बॅटरीवर लावली तर प्रवाह एकवीस अँपिअरवर जाईल. चांगले सर्किट अशा वेळी स्वतःच बंद पडते. सर्किट नसलेले किंवा स्वस्तातले यंत्र असेल तर बॅटरी तापते. म्हणून कॉइलवर छापलेला आकडा आणि बॅटरीच्या कागदावरचा आकडा जुळतो का, हे आम्ही दर वेळी पाहतो.

जानेवारीत आणखी एक प्रकार दिसला. टॅक्सीत रात्रभर राहिलेली बॅटरी भरलेली असूनही मलूल वागे. लिथियमची बॅटरी थंडीत सुस्तावते. तिच्यातल्या रासायनिक क्रिया मंद होतात. हा बिघाड नव्हे. घरात आणून ठेवली की ती पूर्ववत होते. मात्र गोठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नये. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास तिला आतून कायमची इजा होते.

इथवर सांगितलेले दोष घरी दुरुस्त होणारे. काही दोष मात्र दुरुस्तीचे नसतातच, आणि हा फरक ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. सहा-सात महिन्यांनी एका रात्री इशाच्या नमाजानंतर मोठ्याची बॅटरी स्वयंपाकघरात चार्जिंगला होती. वहिनींचा हात सहज तिला लागला आणि त्या म्हणाल्या, "अहो, हे तर तव्यासारखं तापलंय! आधी बटण बंद करा." भिंतीवरचे बटण बंद केले. पाहिले तर बॅटरीचे अंग एका बाजूने किंचित फुगले होते आणि एक गोडसर, औषधासारखा वास येत होता. लिथियमच्या बॅटरीत दोन्ही बाजूंच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होते, उष्णता वाढत जाते, आणि आतला द्रव ज्वलनशील असल्याने पेटही घेऊ शकतो. चिमट्याने उचलून ती आम्ही मागच्या अंगणात फरशीवर, कशालाही लागणार नाही अशी ठेवली. मुलांना मागच्या दाराशी फिरकू दिले नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानात परत दिली. ब्रिटनमध्ये ही यंत्रे विकणाऱ्याने जुनी परत घेतलीच पाहिजेत, असा नियम आहे. अशी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली की आग लागते.

त्या रात्री खरी कसोटी वेगळीच होती. मोठ्याला रात्रपाळी होती आणि यंत्र नव्हते. वाटेत तीन पेट्रोल पंप, तिन्हीकडे सिगारेटची पाकिटे. धाकट्याने आपले यंत्र त्याच्या हातात दिले आणि स्वतः औषधाच्या दुकानातून आणलेले निकोटीनचे च्युइंगम चघळत रात्र काढली. दुसऱ्याच दिवशी आम्ही एक जादा बॅटरी घेतली. सोडण्याचा निश्चय केलेल्या माणसाला आमचा पहिला सल्ला हाच, की एका बॅटरीच्या भरवशावर राहू नका.

त्या दिवसापासून घरात अम्मींचे नियम चालतात. सगळे झोपले असताना काहीही चार्जिंगला नाही. पलंगावर, उशीखाली, सोफ्यावर नाही. फक्त ओट्याच्या दगडावर. सोबत आलेलीच वायर, मोबाइलचा वेगवान चार्जर नाही. सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात नाही. निकोटीनच्या बाटल्या वरच्या कपाटात कुलपात, कारण लहान मुलाच्या पोटात थोडा द्रव गेला तरी जिवावर बेतू शकते. हे नियम मोबाइल आणि पॉवर बँकलाही तितकेच लागू आहेत, म्हणून प्रत्येक घराने ते लावून घ्यावेत.

रमजानचा आम्हाला मोठा आधार झाला. रोज्यात सिगारेट चालत नाही तशी ही वाफही चालत नाही. तेरा-चौदा तास तल्लफ आवरता येते, हे दर रोज्याने दाखवून दिले. मग इफ्तारनंतर तरी किती हवी, असा हिशेब सुरू झाला. इथे निकोटीनची कायदेशीर मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. आम्ही १८ वर सुरुवात केली. पुढे १२, मग ६, मग ३. धाकट्याने तीही सोडली. मोठा अजून ३ वर आहे, पण सिगारेटचे पाकीट घरात येऊन दीड वर्ष झाले. अल्हमदुलिल्लाह.

गेल्या सुट्टीत रत्नागिरीहून भाच्याचा फोन आला. "मामू, येताना माझ्यासाठी एक वेप आणा ना, इथं पोरांकडं आहेत." आम्ही त्याला कायदा सांगितला, आणि हेही सांगितले की आमच्यासाठी ही कुबडी आहे, ज्याचे पाय धड आहेत त्याने कुबडी मागू नये. गावी येताना आम्ही आमचे यंत्रही आणत नाही, च्युइंगम आणतो. पण त्याच्या बोलण्याने काळजी वाटली ती वाटलीच. चोरून विकल्या जाणाऱ्या मालाची बॅटरी कोणी तपासलेली नसते, द्रवात काय आहे ते कोणाला ठाऊक नसते, आणि ती पोरांच्या दप्तरात, मांडीला लागून असते. ही यंत्रे पेन ड्राइव्ह किंवा जाड पेनासारखी दिसतात, वास फळांचा येतो, त्यामुळे आई-वडिलांच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा मुलाच्या खोलीत कारण नसताना आंब्याचा किंवा पुदिन्याचा वास आला, अनोळखी वायर सापडली, तर आरडाओरडा न करता जवळ बसवून विचारा. आणि घरातला मोठा माणूस बिडी-सिगारेट सोडू पाहत असेल तर भारतात त्याला यंत्राची गरजच नाही. निकोटीनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, आणि सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. फोन लावायला त्याला संकोच वाटला, तर तो नंबर तुम्ही फिरवून फोन त्याच्या हातात द्या.