खरं बोलणारा दिवा

पणती लागली की घरात आनंद आणि मोटारीतला दिवा लागला की पोटात गोळा, अशी आम्हां मध्यमवर्गीयांची गत आहे. त्यातून गाडी जुनी असेल तर हे दिवे पाचवीलाच पुजलेले. त्यांतही ब्रेकचे दिवे दोन. एक तांबडा, वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला. दुसरा पिवळा, ‘एबीएस’ या अक्षरांचा. पुष्कळ लोक या दोघांना सख्खे भाऊ समजतात. ते चुलतभाऊ आहेत, आणि त्यांची गाऱ्हाणी निरनिराळी असतात.

आमची कन्या पणजीला नोकरीला लागली. पंधरवड्यातून एकदा बेळगावला यायचे म्हणजे साखळी, केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी. पावसाळ्यात कणकुंबीला धुके असे उतरते की पुढच्या ट्रकचा मागचा दिवा दिसला तर दिसला. तिच्यासाठी जुनी गाडी पाहायची ठरली, तेव्हा रंग, सीटकव्हर आणि गाण्यांचे यंत्र बाजूला ठेवून मी ब्रेकपासून सुरुवात केली.

एबीएस म्हणजे काय, तर करकचून ब्रेक दाबल्यावर चाक जागच्या जागी आवळू न देणारी योजना. आवळलेले चाक घसरते, आणि घसरणारी गाडी स्टिअरिंगचे ऐकत नाही. म्हणून प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर बसवलेला असतो. तो चाकाचा वेग मोजत राहतो, आणि एखादे चाक आवळू लागले की यंत्रणा त्या चाकाचा दाब सेकंदाला अनेक वेळा सोडते-धरते. बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत हे इलेक्ट्रॉनिक एबीएस प्रथम आणले. आपल्याकडे ते सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाले एप्रिल २०१९ पासून. त्याआधी बहुधा महागड्या प्रकारांनाच असे. तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्याने आधी हे विचारावे, की या गाडीला मुळात एबीएस आहे का?

पहिली गाडी पाहिली ती कोल्हापूर पासिंगची. विकणारा कौतुकाने म्हणाला, “बघा साहेब, एक दिवा लागत नाही!” मी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली. नियम असा, की चावी ‘ऑन’ केली की ब्रेकचे दोन्ही दिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. (हातब्रेक ओढलेला असेल तर तांबडा तसाच राहतो, तो दोष नव्हे.) इथे एबीएसचा दिवा लागलाच नाही. गाडीला एबीएस तर होते. कुणी तबकडीमागून दिवाच काढून टाकतात, कुणी त्यावर काळी पट्टी चिकटवतात. कारण काही असो, जो दिवा सुरुवातीला लागत नाही, त्याच्या विझण्यावर विश्वास कसा ठेवायचा? आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

दुसरी गाडी २०१२ची, बेळगावातलीच. मालक निवृत्त कन्नड गृहस्थ. त्यांनी बसल्याबसल्याच सांगितले, “पिवळा दिवा लागतो. तांबडा घाटात लुकलुकतो. मोठ्या वर्कशॉपात एबीएसचं सगळं युनिट बदला म्हणाले, चाळीस हजार. तेवढे कमी द्या.”

त्यांच्या परवानगीने गाडी उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, “सर, दिवा लागतोय न्हवं? मग तो खरं बोलतोय. काय बोलतोय ते ऐकूया.”

त्याने स्कॅनर जोडला. दोषाचा कोड पुढच्या डाव्या चाकाचा निघाला. पण कोड म्हणजे पत्ता, गुन्हेगाराचे नाव नव्हे. त्या पत्त्यावर सेन्सर असतो, त्याची वायर असते, आणि ज्याकडे पाहून तो वेग मोजतो ते दात्यांचे किंवा चुंबकीय कडेही असते. कडे गंजते, बेअरिंग बदलताना उलटे बसते, लोखंडी कीस चिकटतो. म्हणून आम्ही गाडी ताशी २० किलोमीटरने सरळ नेली. स्कॅनरच्या पडद्यावर चारही चाके २० दाखवत होती. उजवीकडे वळलो, आणि डावे चाक शून्यावर! सरळ झालो, पुन्हा २०. मिस्त्री हसला आणि सवयीने कन्नडवर गेला, “वायर कट आगेत्री.” चाक वळले की सेन्सरची वायरही वाकते, वर्षानुवर्षे वाकून आतली तार तुटते, वरचे वेष्टन मात्र धडधाकट दिसते. वायरसकट नवा सेन्सर दोन हजारांच्या आत मिळत होता. युनिटला काही झाले नव्हते.

तांबड्याची गोष्ट वेगळी. ब्रेक ऑइलच्या डब्यात तरंगता खटका असतो. पातळी काठावर आली की वळणावर तेल हिंदकळते आणि दिवा लुकलुकतो. अशा वेळी नुसते तेल ओतू नये. गळती नसेल, तर पातळी उतरली म्हणजे बहुधा ब्रेकपॅड झिजले. इथे पॅड ३ मिलीमीटरही उरले नव्हते. नवे बसवताना तेल आपोआप वर चढते. आम्ही तेलही बदलायला सांगितले, कारण ते हवेतला ओलावा पिते. ‘डॉट ४’ जातीचे कोरे तेल निदान २३० अंशांना उकळते. पाणी पिऊन १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर तापून ते उकळले, तर पेडल पोकळ लागते.

आता प्रश्न सौद्याचा. मालकांना चाळीस हजारांचा दोष वाटत होता; आम्हांला तो केवढा ते कळले होते. मिस्त्री काही बोलला नाही. कन्या म्हणाली, “बाबा, त्यांनी आपल्याला दिवा लपवला नाही.” मी त्यांना फोन करून सगळे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, “तुम्हीच ठरवा सर.” सेन्सर, पॅड, तेल आणि मजुरी एवढे वजा करून गाडी घेतली.

काम झाल्यावर मिस्त्रीने कोड पुसला आणि चोर्ल्यापर्यंत जाऊन यायला सांगितले. कोड पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. वळणावळणांवरून जाऊनही दिवा आला नाही, तरच म्हणायचे. आला नाही.

कन्या आता निघण्याआधी चावी फिरवून थोडी थांबते. ब्रेकचे दिवे लागतात, मोजते, विझतात, मग इंजिन सुरू करते. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिची आई दारात उभी असते.