दोन जुनी नगरे : जुने गोवे की वसई?

धान विकले जाऊन चार पैसे हाती आले आणि नाताळ जवळ आला, म्हणजे आपल्याकडील घरोघरी प्रवासाच्या गोष्टी निघू लागतात. बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीच्या बाजूची मराठी कुटुंबे मला बहुधा एकच प्रश्न विचारतात : “फादर, मुलाबाळांना आणि आजीला घेऊन एकदाच जायचे आहे. जुन्या गोव्याला जावे, की वसईला?” प्रश्न साधा दिसतो, परंतु पाच माणसांचे जाणे-येणे म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या शिलकेचा प्रश्न असतो. म्हणून त्याचे उत्तर विचारपूर्वक देणे योग्य.

धनिक लोक रोम पाहावे की लिस्बन, असा विचार करतात. आपल्याला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर युरोपीय धर्तीची दोन नगरे वसविली. गोवे त्यांनी १५१० साली जिंकले. वसई त्यांना गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून १५३४ च्या तहाने मिळाली. दोन्हीकडे तट, मठ, विद्यालये आणि भव्य ख्रिस्तमंदिरे उभी राहिली. ज्याने गोवे पाहिले त्याने लिस्बन पाहिले नाही तरी चालेल, अशी म्हण त्या काळी पोर्तुगीजांतच रूढ होती.

प्रथम जुन्या गोव्याविषयी. तेथील सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांनी देह ठेवला. १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणण्यात आला. आज तो बॉम जेझूच्या महामंदिरात, चांदीच्या पेटीत, तस्कनीच्या महाराजांनी दिलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर उंच ठेवलेला आहे. दर दहा वर्षांनी तो खाली आणून दर्शनासाठी ठेवतात. असे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले. तेव्हा यंदा जाणाऱ्याने पेटीचे दर्शन खालूनच घ्यावयाचे, हे आजीला आधीच सांगून ठेवावे. म्हणजे तेथे पोहोचल्यावर तिचा हिरमोड होणार नाही. जवळच संत कॅथरीनचे प्रचंड कॅथेड्रल आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. टेकडीवर संत ऑगस्टीनच्या मंदिराचा भग्न मनोरा एकाकी उभा आहे.

परंतु या नगरात फिरताना एक गोष्ट मनाला चाटून जाते. मंदिरे आहेत, नगर नाही. साथीच्या रोगांनी वस्ती उजाड होत गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम हलविला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जेथे हजारोंचा राबता होता तेथे आता नारळीच्या सावल्या आहेत. याच नगरात १५६० पासून धर्मन्यायालय होते आणि ते १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्या न्यायालयाने अनेकांना छळले, हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगावे. सत्य झाकून श्रद्धा वाढत नाही.

आता वसई. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने मोठ्या वेढ्यानंतर किल्ला घेतला. ख्रिस्तमंदिरांतील घंटा विजयचिन्हे म्हणून दूरदूर गेल्या. भीमाशंकरी आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. खणखणीत आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो, ती घंटा वसईच्या विजयाची आठवण होय! किल्ल्यातील बहुतेक इमारतींवर आज छपरे नाहीत. भिंतींतून पिंपळ उगवले आहेत आणि फरशीतील थडग्यांवरची अक्षरे झिजत चालली आहेत. सोळाव्या शतकात याच नगरात जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

किल्ल्याचे दगड ढासळले, पण किल्ल्याबाहेर पाऊल टाका. रमेदी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, प्रत्येक गावी मंदिर भरलेले असते. वाडीतल्या केळीला पाणी देणारा शेतकरी रविवारी मिस्साला येतो. उपासना मराठीत चालते, प्रवचन मराठीत होते, आणि घरी सामवेदी वा वाडवळी बोली बोलली जाते. राज्य गेले, सैन्य गेले, तरी त्या कष्टकऱ्यांनी श्रद्धा सोडली नाही. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच भूमीचे पुत्र.

व्यवहारही पाहू. गोंदिया किंवा तुमसर रोडहून विदर्भ एक्स्प्रेसने एका रात्रीत मुंबई गाठता येते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल धरली की वसई रोड. गोव्यासाठी मुंबईहून कोकण रेल्वेचा आणखी लांब प्रवास करून करमळीस उतरावे लागते. तेथून जुने गोवे अगदी जवळ आहे. म्हणजे गोव्याला दोन दिवस आणि बरेच पैसे अधिक. दोन्हीकडे मुक्कामाची सोय आधी पत्र वा फोन करून ठरवावी, आणि पावसाळ्यात शक्यतो जाऊ नये.

माझे मत विचाराल तर असे : घरात कोणी संत फ्रान्सिसला नवस बोलले असेल, किंवा आजीच्या आयुष्यातली ती एकच इच्छा असेल, तर निःशंकपणे गोव्यास जावे, म्हाताऱ्या माणसाची इच्छा पुढल्या वर्षावर ढकलू नये. एरव्ही मुलांना घेऊन प्रथम वसईस जावे. आपण येथे मोजकी घरे. शाळेत आपल्या मुलाला कोणी म्हणते, ‘तुमचा धर्म परक्यांचा.’ मूल गप्प बसते, कारण उत्तर त्याने पाहिलेले नसते. वसईत ते उत्तर त्याला डोळ्यांनी दिसेल. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली, आपल्यासारखीच मराठी बोलणारी आजी मंदिरासमोर थांबून क्रुसाची खूण करताना दिसेल. परक्यांची सत्ता पडून पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. ही श्रद्धा त्यांचीच असती, तर त्यांच्याबरोबरच गेली असती.

आणि ज्यांना यंदा कोठेच जाणे जमणार नाही, त्यांनी खंत करू नये. वसई टिकली ती तटांमुळे नव्हे. रोज संध्याकाळी घरात होणाऱ्या रोजरीमुळे आणि शेजाऱ्याशी राखलेल्या गोडव्यामुळे ती टिकली. तेवढी वसई वैनगंगेच्या काठीही बांधता येते. आणि तिला तिकीट लागत नाही.